मीनामावशी, तुझी हाळी त्यांना सलामी वाटली

अन्याय झाला आमच्या मीनामावशीवर. राहणार तळेगाव, काम विमान उडवणं आणि दुसऱ्यांना उडवायला शिकवणं. पहिल्यांदा झाला तो गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दिवस मावळायला थोडा वेळ असताना, बेडशाच्या अलीकडच्या माळावर. दुसऱ्यांदा झाला तो लगेच सोमवारी सकाळी, ती जिथं उडवायची त्या क्लबचा मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि "प्राथमिकदृष्ट्या वैमानिकाची चूक दिसते" असं म्हणाला तेव्हा. पहिल्यात तू गेलीस. दुसऱ्यात तुझं नाव गेलं.

सुरुवात पत्रकासारखी झाली, कळतंय मला. मला दुसरं काही लिहिताच येत नाही. "पुढारीणबाई, तुझ्या पत्रकात माणसं कमी आणि उद्गारचिन्हं जास्त," असं तू म्हणायचीस, आणि वाचून झालं की त्याच कागदावर लसूण सोलायला घ्यायचीस. या वेळी उद्गारचिन्ह घालायची ताकद नाही. काल तुझा दहावा झाला. घरात आई आहे, मी आहे, आणि दारात तुझे बूट आहेत. ते कुणी उचलत नाही.

मला हे कळलं एका क्लिपमधून. आमच्याच 'माळ बचाव' चळवळीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली होती, वर लिहिलं होतं, 'बघा श्रीमंतांचे खेळ.' काळ्या डांबरावर एक छोटं पांढरं विमान टेकतं, जरा धावतं, मग एकदम शेपूट भिरकावतं, चाकाचा पाय मोडतो, पंख जमिनीत घुसतो आणि विमान उताणं पडतं. मागे कुठलंसं ढिंचॅक गाणं चढवलेलं. मी पहिल्यांदा नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा बघताना शेपटीवरचा हिरवा पट्टा दिसला. तो पट्टा तू आमच्या गॅलरीत बसून रंगवलेल्या पत्र्याचा होता, आणि त्याचे थेंब अजून आमच्या फरशीवर आहेत.

स्कूटी काढली आणि निघाले. रविवारची संध्याकाळ. पवना धरणाकाठच्या तंबूंमधून परतणाऱ्या गाड्या कामशेतपर्यंत एकाला एक चिकटून उभ्या. त्या रांगेत मला समोरून रुग्णवाहिका दिसली. सायरन चालू होता आणि चाकं जागची हलत नव्हती. पुढच्या गाडीतला एक जण खिडकीतून हात काढून ड्रायव्हरला सांगत होता, "उडून जाऊ का मी?" मी स्कूटी रस्त्यातच सोडली आणि मागचं दार बडवलं.

"कोण तुम्ही?"

"आत कोण आहे?"

"विमानवाल्या बाई."

"भाची आहे मी त्यांची. उघडा."

चादरीच्या बाहेर तुझे पाय आले होते. एकात मोजा, एकात नाही. आणि ते हलत नव्हते. तुझे पाय हलत नाहीत असं मी जन्मात बघितलं नव्हतं. टीव्ही बघताना, जेवताना, एसटीत बसल्यावर, सारखं डावा-उजवा, डावा-उजवा. आई वैतागायची. "मीने, पाय आवर, ताट हलतंय." तू म्हणायचीस, "ताई, शेपटीवर चाक असलेलं विमान पायांनी उतरवतात. पाय थांबले की विमान फिरलं." मी त्या गाडीत तुझा मोजा नसलेला पाय हातात धरून बसले. मधे कधीतरी तिथल्या माणसानं सायरन बंद केला. मी विचारलं नाही का बंद केला.

नंतर त्या क्लिपखालचं वाचलं. वाचायला नको होतं. 'यांना स्कूटर नीट लावता येत नाही आणि चालल्या विमान उडवायला.' त्याला शेकड्यानं हसणारे चेहरे. त्यातले काही आपल्या ओळखीचे, मावशी. तुझ्या हातचा चहा प्यायलेले.

म्हणून आता मी ते लिहिणार आहे जे तू मला हजारदा समजावलंस आणि मी अर्धवट ऐकलं. आताच्या विमानांना तिसरं चाक नाकाखाली असतं, ती टेकली की आपसूक सरळ धावतात. तुझ्या पुष्पकसारख्या जुन्या विमानांना ते शेपटीखाली असतं आणि बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे. मला काही कळेना. तेव्हा टाकव्याला एक ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली मागं घेत होता, तो तू मला उभं करून दाखवलास. "बघ. सरळ आहे तोवर सरळ. जरा वाकडी झाली की आणखी वाकडी व्हायलाच बघते. वेळेत सावरली तर ठीक, नाहीतर गेली गटारात. मी रोज हेच करते, फक्त वेगात, आणि समोरचं न दिसता."

"समोरचं का नाही दिसत?"

"नाक वर असतं ना त्याचं. तुझ्यासारखं."

"मग बघतेस कुठं?"

"बाजूला. गवताकडे."

गवत. सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. गवतावर शेपूट जरा सरकलं तर सरकू देतं, चाक थोडं घसरून घेतं, पायांना सावरायला वेळ मिळतो. डांबर चाक धरून ठेवतं. आणि मोकळा गवताचा माळ असला की वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरता येतं. डांबरी धावपट्टीवर दोनच दिशा, वारा कुठूनही येवो.

आपला माळ तसा होता. क्लबनं घेतला तरी पहिली काही वर्षं गुरं तिथंच चरायची, आणि त्यांनी चरूनच तो तुझ्या विमानासाठी आखूड राहायचा. तू उतरायच्या आधी एक फेरी खालून मारायचीस, पंख हलवत, झाडांच्या जरा वरून. ती फेरी उतरण्यासाठी नव्हतीच. ती हौसाबाईसाठी होती. हौसाबाई म्हणजे त्या माळावर सगळ्यात जास्त गुरं घेऊन येणारी, तोंडानं फटकळ म्हातारी. ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "पयली फेरी गुरांची, दुसरी बाईची. बाईनं वरनं हाळी घातली की आमी उठायचं, गुरं वड्याकडं न्यायची. मंग बाई खाली. हितं समद्यास्नी ठावं हाय." हाळी. माणसानं माणसाला लांबून मारलेली हाक. तू विमानानं हाळी घालायचीस, आणि माळावरची बाया-माणसं ती ऐकून जागा करून द्यायची. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. रोजच्या वागण्यातून ते बसलं होतं.

एकदा ती हाळीही चुकली होती. एक वासरू मागे राहिलं आणि नेमकं तुझ्या चाकांपुढे आलं. तू पाय मारलास, विमान गरकन फिरलं, गवत उडवत पूर्ण गिरकी घेतली आणि शेपूट पुढे करून थांबलं. पंखाचं टोक खरचटलं, बस. मी तिथंच होते, पत्रकं वाटायला आलेली. तू दार उघडून उतरलीस, केसांत गवत, आणि हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, फुगडी घातलीस की गं."

तू तिथंच खाली बसून हसत राहिलीस. त्या दिवसापासून तुझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा तू तोच शब्द शिकवलास. इंग्रजी पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, मावळात ती फुगडी. आणि मला म्हणालीस, "हे गवत होतं म्हणून फुगडी झाली. डांबरावर फुगडी पुरी होत नाही. अर्ध्यात पाय मोडतो."

हे तुला माहीत होतं. हे तू त्यांनाही सांगितलंस. म्हणून माझं डोकं फिरतं.

आधी त्यांनी कुंपण घातलं, पाहुण्यांना शेण चालत नाही म्हणून. मग गवत मशीननं कापायला लागले. मग मधोमध डांबराची पट्टी टाकली, आणि ती कुठल्या दिशेनं टाकायची हे वाऱ्याला नाही विचारलं, फोटोग्राफरला विचारलं. फोटोत मागे तिकोना किल्ला आला पाहिजे. दुपार कलली की घाटाकडून जो वारा येतो तो बरोब्बर त्या पट्टीला आडवा. तू मॅनेजरला म्हणालीस, तर तो म्हणाला, "मॅडम, बाकीची विमानं उतरतातच की." तू म्हणालीस, "त्यांची चाकं नाकाखाली आहेत." तो म्हणाला, "मग आपण तुमचं विमान हॉलमध्ये टांगू या का? छान दिसेल. बुफेच्या वर."

ही धमकी होती. तू ती गंमत म्हणून घरी सांगितलीस, आणि त्या दिवसापासून ते जे सांगतील ते उडवायला लागलीस. वाढदिवस, साखरपुडे, बारशाला गुलाबी धूर सोडून 'मुलगी झाली' ते सुद्धा. चाळीस वर्षं लोकांना उडायला शिकवलेली बाई गुलाबी धूर सोडत होती. का, तर विमान जमिनीवर राहिलं तर टांगलं जाईल.

यावरून आपण भांडलो. आपण कशावरून भांडलो नाही म्हणा.

"सोड ती नोकरी."

"मग पुष्पक कोण उडवणार?"

"कुणीच नको. माळ गुरांना परत मिळू दे."

"गुरांना काय लागतं?"

"गवत."

"आणि मला?"

मी ताटं उचलायला लागले.

"मग एकाच पक्षात आहोत की आपण, पुढारीणबाई."

"गुरं दूध देतात, मावशी. तुझं विमान काय देतं?"

"तुझ्या आईला डोकेदुखी."

आई आतून ओरडली, "खरंय."

मग मी ते पत्रक काढलं, क्लबवरचं, ज्यात 'श्रीमंतांच्या आभाळातले ड्रायव्हर' असं वाक्य होतं. तू ते वाचलंस. मी वाट बघत होते तू चिडशील म्हणून. तू चष्मा काढून म्हणालीस, "ड्रायव्हर लिहिलंस, लिही. पण पुढच्या वेळी 'उतरवता येणारी ड्रायव्हर' असं लिही. चढवता काय, कुणालाही येतं." ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. माळ गावाचाच आहे, आणि त्या क्लबला तिथून उठवलंच पाहिजे हेही मागे घेत नाही. तू असतीस तर आपण याच्यावर अजून वीस वर्षं भांडलो असतो. मला ती वीस वर्षं पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

त्या रविवारी सकाळी तू आईला फोन केलास. मी टेबलाशी होते, स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं.

"ताई, आज नवरदेव आणायचाय विमानातून. मंडपात एंट्री."

"घोडे संपले का गं जगातले?"

"घोड्याला वारा लागत नाही, तो बरा. ऐक, मंडप एका टोकाला आहे. बाकी गवत मोकळं ठेवतो म्हणालेत, गाड्या कुंपणाबाहेर. मी डांबरावर उतरणारच नाहीये. संध्याकाळचा वारा असतो."

"लिहून घेतलंस का?"

"लिहून घ्यायला ते काय तुझ्या पोरीची संघटना आहे?"

आई हसली आणि मला खुणेनं विचारलं, बोलतेस का. मी खुणेनंच सांगितलं, नंतर.

नंतर काय झालं ते मी दहा दिवस माळाभोवती हिंडून गोळा केलंय. तू नवरदेवाला घेऊन वर गेलीस तेव्हा गवत खरंच मोकळं होतं. तू वर असताना वरातीच्या गाड्या आल्या. बाहेरचा रस्ता तुंबला, आणि कुणीतरी फाटक उघडून दिलं. कुणी, ते कुणी सांगत नाही. थोड्या वेळात सगळं गवत गाड्यांनी भरलं, मधे जनरेटर, मागे फटाक्यांचा टेम्पो. वारा दाखवणारी ती केशरी कापडी पिशवी तर सकाळीच उतरवली होती, फोटोत रंग बसत नव्हता म्हणून, आणि तिच्या खांबाला शेवंतीच्या माळा गुंडाळल्या होत्या.

तू परत आलीस, खाली बघितलंस, आणि जे करायचं तेच केलंस. हाळी घातलीस. खालून फेरी मारलीस, पंख हलवत.

आणि माणसं नाचायला लागली.

हे मी लिहू शकत नाही असं वाटलं होतं, पण लिहायलाच पाहिजे. त्यांना वाटलं तू सलामी देतेयस. त्यांनी हात वर केले, फेटे उडवले, मोबाईल वर धरले, डीजेनं आवाज वाढवला. कुणीतरी माईकवरून ओरडलं, "वन्स मोर." तू पुन्हा फिरून आलीस, आणखी खालून, आणखी जोरात पंख हलवत. जागा करा, गाड्या काढा, मला गवत द्या. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मागितलेला वन्स मोर त्यांना मिळाला होता.

तुझी हाळी ज्यांना कळत होती ते सगळे कुंपणाबाहेर होते. हौसाबाई तिथं होती. ती मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या काठीकडे बघत होती. "आगं, ती हाळी घालत व्हती. येकदा घातली, दोनदा घातली. आमी जाळीला धरून वरडलो, सरका रं, गाड्या काढा, बाई उतरतीय. त्या गाण्यात कोन ऐकतंय? येक फेटेवाला आला आन् म्हनला, आजी, जेवन नंतर मिळंल. जेवन मागायला आलोय वाटलं त्याला." मग तिनं काठीचं टोक मातीत रुतवलं. "कुंपान नसतं तर आमी जाऊन उभं ऱ्हायलो असतो ना गं गाड्यांम्होरं. व्हय का न्हाई?"

व्हय, हौसाबाई.

आता मॅनेजरचं. तो स्वतःच चॅनेलवर बोललाय, मला काही शोधायला लागलं नाही. "आम्ही वायरलेसवर मॅडमना फक्त मुहूर्ताची आठवण करून दिली. दबाव कसलाच नव्हता." तू वायरलेसवर काय मागितलंस, ते तो बोलला नाही. मुहूर्त कुठला, तर गोरज. गुरं चरून घरी परततात, त्यांच्या पायांची धूळ उडते, ती वेळ. ज्या माळावरून गुरं हाकलली तिथं यांना गोरज मुहूर्त गाठायचा होता, आणि त्यासाठी आडव्या वाऱ्यात तुला डांबरावर उतरवायचं होतं.

आणि आता तुझं, मावशी. तुलाही सोडणार नाही मी. का उतरलीस? पुण्याकडे का नाही वळलीस? मॅनेजर हेच म्हणतो आणि त्याच्या तोंडून ऐकताना मला त्याचा गळा धरावासा वाटतो, पण रोज पहाटे जाग आली की मी पण तुला हेच विचारते. हलकं राहावं म्हणून पेट्रोल बेताचं घेतलं होतंस, हे कळलं. सूर्य बुडत होता आणि तुझ्या विमानाला अंधाराचे दिवे नव्हते, हेही कळलं. तरी. तूच पोरांना शिकवायचीस ना, की नाही म्हणणं हा उडण्याचाच भाग आहे. मग त्या दिवशी तू कुणाला नाही म्हणू शकली नाहीस? त्या इस्त्रीवाल्याला? की बुफेवर टांगलेलं विमान तुला डोळ्यांसमोर दिसत होतं? एक कापड मढवलेलं जुनं विमान, मावशी. आम्ही दोघी खाली होतो.

बघ, भांडण झालंच. आणि तू उत्तर देत नाहीस. उत्तर न देणारी तू कधीच नव्हतीस.

आणखी एक आहे, ते मला झोपू देत नाही. पट्टीच्या एका बाजूला माणसं मोबाईल घेऊन अगदी कडेला आली होती. विमान फिरलं ते दुसऱ्या बाजूला, कुंपणाकडे. वारा त्याला ज्या बाजूला ओढणार होता ती बाजू माणसांची होती असं तुझा एक जुना विद्यार्थी म्हणतो. म्हणजे तू मुद्दाम दुसरा पाय दाबलास का? की चाक आधीच मोडलं होतं? तो म्हणतो, नक्की सांगता येत नाही. मलाही तुला शूर ठरवायचं नाही. शूर ठरवलं की प्रकरण मिटतं, हार घालून लोक घरी जातात. मला फक्त माहीत पाहिजे होतं की शेवटी तुझ्या पायांनी काय केलं. ते आता कुणाला कळणार नाही.

नवरदेवाच्या खांद्याचं हाड मोडलं. लग्न दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये लागलं. लागू दे, त्याच्यावर माझा राग नाही. पण तो तुझ्या शेजारच्या सीटवर होता. वायरलेसवर काय बोलणं झालं ते त्यानं ऐकलंय, खाली गाड्या त्यानं बघितल्यात, तू काय म्हणालीस ते जगात फक्त त्याला माहीत आहे. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांनी दारातच हात जोडले. "आमची सून नवी आहे. पोलिसांचं लचांड नको, ताई." आतून टीव्हीचा आवाज येत होता. मी परत आले.

दहाव्याला क्लबकडून फुलांचं चक्र आलं, विमानाच्या आकाराचं. झेंडूचं विमान. नाकाखाली चाक असलेलं. आईनं ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, "याचं काय करायचं?" मी ते उचलून बाहेर शेळ्यांना घातलं. सोबत मॅनेजर आला होता, पांढऱ्या कपड्यांत. आईला म्हणाला, "मॅडमची आठवण म्हणून पुष्पक आम्ही रंगरंगोटी करून हॉलमध्ये लावणार आहोत. खाली त्यांच्या नावाची पाटी." आईनं त्याला पाणी दिलं. शाळेत आयुष्य काढलेली बाई आहे ती, दारात आलेल्याला पाणी देते. तो गेल्यावर तिनं तो पेला घासला, पुन्हा घासला, आणि मग ओट्याशी तशीच उभी राहिली.

मला वाटत होतं की राग पुरेल. आमच्या चळवळीत तेच शिकवतात, राग टिकवा, राग वापरा. पण रागाचं काय करायचं, मावशी, जेव्हा समोर कुणी दुष्ट नाही, नुसती मजा करायला आलेली माणसं आहेत? त्यांना तुला मारायचं नव्हतं. त्यांना तुझं विमान आवडलं होतं. टाळ्या खऱ्या होत्या. यावर पत्रक कसं काढतात मला माहीत नाही.

तुझ्याकडून मला काय मिळालं ते तुला कधी सांगितलं नाही. सभेत उभं राहायच्या आधी मी क्षणभर थांबते आणि वारा कुठून आहे ते बघते; माणसं कुणीकडे झुकलीयत, कोण कुठं बसलंय. ते तुझं आहे. सगळे म्हणतात ही पोरगी तोंडावर बोलते, तेही तुझंच. आणि इतकी वर्षं कुंपणाबाहेर फलक धरून उभी असताना, घोषणा देता देता, मी तुझं उतरणं चोरून बघायचे. गवतावर तिन्ही चाकं एकदम टेकायची, आवाज न करता, जसं कुणी झोपलेल्या पोराला गादीवर ठेवतं. मी एकदाही म्हटलं नाही की छान उतरवलंस. क्लबच्या विरोधात होते ना. आज सकाळी आंघोळ करताना मोठ्यानं म्हटलं. आईला वाटलं मी तिला हाक मारली.

जरा थांब, मावशी. आता मला तुझ्याशी नाही, हे वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

त्या लग्नाला तुम्ही होता. तुम्ही नसलात तर तुमचा भाऊ होता, वाढपी म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी होतं, ड्रोनवाला तुमच्या गल्लीतला होता. मावळातलं लग्न, अर्धा तालुका तिथं होता आणि प्रत्येकाचा हात वर होता. क्लब अपघाताच्या सरकारी चौकशीत सांगतोय की गवत शेवटपर्यंत मोकळं होतं आणि बाईंनी स्वतःहून डांबर निवडलं. फिरतेय ती क्लिप शेवटच्या क्षणांची आहे, त्यात गाड्या दिसत नाहीत, हाळी दिसत नाही. पण तुमच्या फोनमध्ये विमान चढताना मोकळं गवत आहे, आणि तेच विमान पंख हलवत येताना खाली उभ्या गाड्या आहेत. मी आजवर ज्यांना ज्यांना भेटले त्यांनी सांगितलं, आमच्याकडे काही नाही. मला तुमच्याकडून फार आशा राहिलेली नाही, खोटं कशाला बोलू.

तरी मागते. तो व्हिडिओ शोधा. कापू नका, गाणं चढवू नका, ग्रुपवर टाकू नका. मला पाठवू नका, मी भाची आहे, माझ्या हातातून गेला तर खोटा ठरवतील. तुम्ही स्वतः चौकशी अधिकाऱ्याकडे जा, स्वतःच्या नावानं द्या, आणि जबाब लिहून द्या: ती दोनदा जागा मागत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. लाज वाटेल. वाटू द्या. उद्या तुमचा फोन भरेल, आणि नवीन फोटोंना जागा करायला तुम्ही जुने व्हिडिओ पुसायला बसाल. पुसायच्या आधी द्या.